तळघरात रचलेला सूड : पोच्या एका कथेत सूड आणि स्थळ कसं वाचावं

एक माणूस दुसऱ्याला गोड बोलून आपल्या तळघरात नेतो, दारू पाजतो, साखळीने जखडतो आणि समोर भिंत रचून त्याला जिवंत गाडतो. एडगर ॲलन पोच्या 'द कास्क ऑफ अमोंटिलाडो' या कथेत घडतं ते एवढंच. १८४६ च्या नोव्हेंबरमध्ये ती अमेरिकेतल्या 'गोडीज लेडीज बुक' या मासिकात छापून आली. आज सूडकथांचा विषय निघाला की तिचं नाव आल्याशिवाय राहत नाही.

या कथेवर पहिल्यांदा लिहायला बसलेली मंडळी बहुधा दोन वेगळे परिच्छेद करतात. एकात सूड येतो : सूड घेणारा मॉन्ट्रेसर किती थंड डोक्याचा, किती कावेबाज. दुसऱ्यात स्थळ येतं : भुयार अंधारं, भिंतींना हाडं, म्हणून वातावरण भयाण. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण त्या अशा वेगळ्या काढल्या की कथेचा गाभा निसटतो. माझं म्हणणं असं : या कथेत सूड घ्यायचं ठरवतो माणूस, पण तो तडीस नेते ती जागा, आणि ज्या जागेमुळे सूड साधतो, तिच्यामुळेच तो अपुरा राहतो. हे नुसतं मानून चालू नका. पुढे दिलेल्या क्रमाने कथा वाचत गेलात तर तुमचं तुम्हाला तपासता येईल, आणि पटलं नाही तर खोडूनही काढता येईल.

लागणाऱ्या गोष्टी थोड्या. कथेची मूळ इंग्रजी प्रत (लेखकाला जाऊन दीडशेहून अधिक वर्षं झाली, त्यामुळे ती इंटरनेटवर सहज आणि मोफत मिळते), एक पेन्सिल, आणि दोन कोरे कागद.

आधी सलग वाचा, शब्दकोश न उघडता

लघुकथा एका बैठकीत वाचून व्हावी आणि तिच्यातल्या शब्दन्‌शब्दाने एकाच परिणामाला हातभार लावावा, असं पोचं मत होतं. नॅथॅनिएल हॉथॉर्नच्या कथांवर लिहिताना १८४२ मध्ये त्याने ते मांडलं. त्याचीच कथा तुकड्या-तुकड्यांत वाचली तर तो परिणाम आपल्यापर्यंत पोहोचणारच नाही. जुनी इंग्रजी वळणं आणि फ्रेंच शब्द मध्येमध्ये अडवतील. अडू नका. वाचून झाल्यावर कागदावर दोन ओळी लिहा : डोळ्यांसमोर काय राहिलं, कानात काय राहिलं. या दोन ओळी पुढे कामाला येणार आहेत.

मग दुसऱ्या वाचनाआधी थोडे शब्द माहीत करून घ्या. अमोंटिलाडो ही स्पेनमधल्या शेरी मद्याची एक जात. मॉन्ट्रेसर म्हणतो की आपण तिचं एक 'पाइप' विकत घेतलं. पाइप म्हणजे मोठं पिंप, साधारण पाचशे लिटरच्या आसपासचं. एवढा माल पारख न करता घेतला असं तो सांगतो, आणि मद्याचा जाणकार म्हणवणारा फॉर्च्युनाटो, ज्याच्यावर सूड घ्यायचा आहे तो, तिथेच गळाला लागतो. भिंतींवर जो 'नायटर' पुन्हा पुन्हा दिसतो तो म्हणजे सोरा, दमट तळघरांच्या भिंतींवर साचणारा पांढरट क्षार. एवढं कळलं की पुरे.

सुडाच्या अटी पहिल्या कागदावर उतरवा

कथेचा पहिला परिच्छेद हा अख्ख्या कथेचा करारनामा आहे, तिथे घाई करू नका. निवेदक मॉन्ट्रेसर म्हणतो की फॉर्च्युनाटोने केलेले हजार अपाय मी जमेल तसे सोसले, पण त्याने अपमान केला तेव्हा मात्र सूडाची शपथ घेतली. मग तो आपला सूड कसा असायला हवा ते सांगतो. त्यातून दोन अटी निघतात.

पहिली : शिक्षा करायची, पण आपल्याला त्याची शिक्षा होता कामा नये. सूड घेणाराच पकडला गेला तर अन्यायाची भरपाई झाली असं म्हणता येत नाही.

दुसरी : ज्याने अन्याय केला त्याला कळलं पाहिजे की हा सूड आहे आणि तो अमक्याकडून येतो आहे. हे त्याला जाणवलं नाही तरीही भरपाई झाली नाही.

या दोन्ही अटी कागदाच्या डोक्यावर ठळक लिहा आणि खाली भरपूर जागा सोडा. कथेतला प्रत्येक प्रसंग या दोनांपैकी कुठल्या अटीच्या बाजूने किंवा विरुद्ध जातो, ते तिथे भरत जायचं आहे. नवख्या वाचकांच्या लक्षात पहिली अट राहते, कारण ती सुटकेची आहे, थरारक आहे. दुसरी विसरली जाते, आणि कथेचा सगळा पेच नेमका तिच्यात आहे.

अपमान कोणता होता, हे पो सांगत नाही. शोधत बसू नका, कथेत ते उत्तर नाहीच. ते नसल्यामुळे आपण सुडाचं कारण तोलू शकत नाही. आपल्यासमोर उरते ती फक्त सुडाची रीत. आणि रीत म्हटली की ती कुठे, कशातून, कोणत्या वाटेने, हे प्रश्न आपोआप पुढे येतात.

दुसऱ्या कागदावर वाट काढा

हे काम पेन्सिलीने करा, चित्रकला येत नसली तरी चालेल. कागदाच्या वरच्या कडेला रस्ता काढा : संध्याकाळ, कार्निव्हलचा ऐन धुमाकूळ. शहराचं नाव कथेत नाही, पण निवेदक आपल्या मद्यांच्या आणि माणसांच्या गोष्टी करतो त्यावरून ते इटलीत आहे हे कळतं. त्याखाली मॉन्ट्रेसरचा वाडा. त्याखाली लांब, वळणदार जिना. त्याखाली मॉन्ट्रेसर घराण्याची भुयारं, जिथे मद्याचे साठे आणि पूर्वजांची हाडं एकाच छताखाली आहेत. मग अशी जागा जिच्या डोक्यावर नदीचं पात्र आहे आणि पाण्याचे थेंब हाडांमधून झिरपतात. त्याच्याही खाली एक खोल कोठडी, जिथली हवा इतकी कुंद आहे की मशाली पेटत नाहीत, नुसत्या धुमसतात. तिच्या आत आणखी एक लहानशी कोठडी, तीन बाजूंनी छतापर्यंत रचलेल्या हाडांची. पोने इथे पॅरिसच्या भुयारांचा दाखला दिला आहे. त्या शहरात अठराव्या शतकाच्या अखेरीस, १७८६ पासून, दफनभूमींतली हाडं काढून जमिनीखालच्या जुन्या खाणींत रचण्यात आली होती, त्यामुळे त्याच्या वाचकाला हे चित्र नवखं नव्हतं. चौथ्या बाजूची हाडं खाली लोटलेली आहेत. त्या उघड्या भिंतीत एक कोनाडा : चार फूट खोल, तीन फूट रुंद, सहा-सात फूट उंच.

चित्र पूर्ण झालं की लांबून पाहा. वर रुंद, खाली निमुळतं. गर्दीपासून एका माणसाच्या मापाच्या खाचेपर्यंत. कथेत मागे वळणं नाही, आडवाटा नाहीत, सगळी चाल उतरणीची आहे. वाटेत मॉन्ट्रेसर पुन्हा पुन्हा म्हणतो, चल, परत फिरू, तुझी तब्येत जपायला हवी. प्रत्येक वेळी फॉर्च्युनाटो स्वतःच पुढे सरकतो. चित्रावर त्या त्या ठिकाणी फुल्या मारा. या फुल्या किती खोलवर जातात ते पाहिलंत की मॉन्ट्रेसरचा मानभावीपणा कुणी समजावून सांगावा लागत नाही.

आता प्रत्येक टप्प्याला एकच प्रश्न विचारा : ही जागा इथे कोणतं काम करते?

'कसं वातावरण आहे' हा प्रश्न बाजूला ठेवा. 'काम' म्हणजे ती जागा नसती तर सूडातला कोणता भाग अडला असता.

कार्निव्हल घ्या. लेंट हा ख्रिस्ती उपासाचा काळ सुरू होण्याआधीचे हे मौजमजेचे दिवस, लोक मुखवटे आणि सोंगं घालून फिरतात. मॉन्ट्रेसरने काळ्या रेशमाचा मुखवटा चढवला आहे, अंगावर गुडघ्यापर्यंतचा झगा आहे. एरवी असा माणूस रस्त्यात दिसला तर चार जण वळून पाहतील. त्या दिवशी कुणी पाहत नाही. फॉर्च्युनाटो विदूषकाच्या पट्ट्यापट्ट्यांच्या वेषात आहे, डोक्यावर घुंगरांची टोपी, आणि आधीच भरपूर प्यालेला. तो कुणाबरोबर गेला हे दुसऱ्या दिवशी कोण सांगणार? पहिली अट इथूनच पुरी होऊ लागते.

वाडा रिकामा आहे, आणि तो रिकामा कसा झाला ते वाचण्यासारखं आहे. मॉन्ट्रेसरने नोकरांना बजावलं होतं की मी सकाळपर्यंत येणार नाही, तुम्ही मात्र घरातून हलायचं नाही. एवढं सांगितलं की पाठ फिरताच सगळे सटकणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. माणसांचा स्वभाव ओळखून त्यांच्याकडून हवं ते करून घ्यायची हीच तऱ्हा तो फॉर्च्युनाटोवर वापरतो. 'तुला वेळ नसेल तर मी लुकेसीकडे जातो' (लुकेसी हा दुसरा एक मद्यपारखी) असं म्हणायचा अवकाश, की फॉर्च्युनाटोचा पारखीपणाचा अहंकार त्याला ओढत नेतो.

भुयारातला सोरा आणि ओल यांच्यावर मात्र रेंगाळा, इथे पो फार बारीक विणतो. फॉर्च्युनाटोला खोकला आहे. दमट हवेत तो वाढतो, एकदा तर बराच वेळ त्याला बोलताच येत नाही. त्या ओलीचा मॉन्ट्रेसरला तिहेरी उपयोग होतो. ती काळजी दाखवायचं निमित्त होते. ती मद्याची बाटली फोडायचं निमित्त होते : थोडं घे, ओलीपासून बचाव होईल. आणि ती फॉर्च्युनाटोकडून एक वाक्य वदवून घेते, की हा खोकला काही नाही, मी खोकल्याने मरणार नाही. मॉन्ट्रेसर उत्तरतो, खरंय, खरंय. त्या उत्तराखाली रेघ ओढा. पुढे काय होणार हे माहीत असलेला एकच माणूस तिथे आहे आणि तो अक्षरशः खरं बोलतो आहे.

मग घराण्याचं कुलचिन्ह. फॉर्च्युनाटो विचारतो, मला तुझं कुलचिन्ह आठवत नाही. निळ्या भूमीवर सोन्याचा मोठा मानवी पाय, तो फणा काढलेल्या सापाला चिरडतो आहे आणि सापाचे दात टाचेत रुतले आहेत. खाली लॅटिन ब्रीद, ज्याचा अर्थ : मला डिवचून कुणी सुटत नाही. (हेच ब्रीद स्कॉटलंडच्या राजचिन्हाचंही आहे.) पाय मॉन्ट्रेसरचा आणि साप फॉर्च्युनाटोचा, असं बहुतेक जण लगेच ठरवून टाकतात. थांबा. चित्रात पाय सापाला मारतो आहे, पण साप अजून टाच सोडत नाही. दोघं एकमेकांत अडकले आहेत. हे संभाषण दोन्ही बाजूंनी हाडं रचलेल्या, पूर्वजांनी भरलेल्या जागेत चाललंय, हेही विसरू नका. मॉन्ट्रेसर हे घराणं एके काळी मोठं आणि भरल्या गोकुळासारखं होतं असं तो स्वतः सांगतो, भूतकाळात. सूड एका माणसाच्या रागातून आलेला नाही, या जागेने तो पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवला आहे, असं वाटायला लावणारी ही जागा आहे.

हाडांचं कामही नोंदवा. चौथ्या बाजूने लोटलेल्या ढिगाखाली मॉन्ट्रेसरने दगड आणि चुना आधीच लपवून ठेवला आहे. शेवटी नव्या भिंतीपुढे तो तीच हाडं पुन्हा रचतो. पूर्वज आधी सामान लपवतात, मग प्रेत. भुयारात फॉर्च्युनाटो फ्रीमेसन या गुप्त बंधुसंघाची खूण करतो आणि तूही मेसन आहेस का असं विचारतो ('मेसन' म्हणजे गवंडीही); त्यावर मॉन्ट्रेसर झग्याखालून थापी काढून दाखवतो तेव्हा फॉर्च्युनाटोला ती थट्टा वाटते. ही थापी पुढे काय करणार, ते आपल्याला कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

डोळे मिटून वाचा

शेवटच्या भागात कथा डोळ्यांकडून कानाकडे सरकते, आणि याचं कारणही जागाच आहे : उजेड संपला आहे. कोनाड्याचा शेवट मशालीच्या उजेडात दिसत नाही, हे आधीच सांगून ठेवलंय. म्हणून भिंतीचे थर मोजत जा आणि प्रत्येक थराशेजारी आवाज लिहा.

पहिला थर होतो न होतो तोच कण्हणं ऐकू येतं, आणि ते दारुड्याचं कण्हणं नाही. मग लांब, हट्टी शांतता. चौथ्या थरानंतर साखळीचा खळखळाट. मॉन्ट्रेसर काम थांबवून हाडांवर बसतो, नीट ऐकता यावं म्हणून. सातव्या थरापर्यंत भिंत छातीच्या उंचीला येते. तो मशाल वर धरून आत डोकावतो तेव्हा किंकाळ्यांमागून किंकाळ्या. दहा थर पूर्ण होतात, अकरावा बराचसा. एक दगड उरतो. आतून हलकं हसू, मग 'झकास चेष्टा केलीस' अशी केविलवाणी बडबड, मग देवाच्या नावाने विनवणी. त्यानंतर काहीच नाही. मॉन्ट्रेसर नावाने हाक मारतो, दोनदा. उत्तर नाही. उरलेल्या फटीतून तो मशाल आत टाकतो आणि फक्त घुंगरं वाजतात.

यात सातव्या थरापाशी पुन्हा जा आणि एकेक वाक्य सावकाश वाचा. किंकाळ्या ऐकून मॉन्ट्रेसर मागे ढकलला गेल्यासारखा होतो. क्षणभर कचरतो, थरथरतो. तलवार उपसून कोनाड्यात चाचपडू लागतो. मग एक विचार येतो, तो भुयाराच्या भक्कम भिंतीवर हात ठेवतो, आणि त्याचं समाधान होतं. लगेच परत येऊन तो फॉर्च्युनाटोच्या किंकाळ्यांना स्वतः किंकाळ्यांनी उत्तर देतो, त्याच्याहून मोठ्याने. सगळ्या कथेत मॉन्ट्रेसरचा तोल जातो तो इथे, आणि त्याला सावरतो दगड. इथून आवाज बाहेर जाणार नाही, एवढंच त्याला त्या भिंतीकडून कळायचं होतं. माझ्या मते स्थळ आणि सूड एकमेकांत सर्वांत घट्ट गुंतले आहेत ते या चार-पाच वाक्यांत. लिहायला एकच उतारा निवडायचा असेल तर हा निवडा.

परत पहिल्या कागदाकडे : दुसरी अट पुरी झाली का?

पहिल्या अटीखाली तुमच्या नोंदी आता भरगच्च असतील. मुखवटा, रिकामा वाडा, जाड भिंती, हाडांचा आडोसा. अर्धं शतक कुणी त्या हाडांना हात लावलेला नाही, असं निवेदक शेवटी सांगतो. पहिली अट जमली.

दुसरीखाली काय आहे? शोधा. भिंत रचताना मॉन्ट्रेसर कुठे म्हणतो का, की हे त्या अपमानाबद्दल? एकदाही नाही. फॉर्च्युनाटो कुठे विचारतो का, मी काय केलं? तेही नाही. जखडला जाताना तो इतका चकित आणि इतका झिंगलेला आहे की प्रतिकारही करत नाही; त्याच्या तोंडी अजून 'अमोंटिलाडो' आहे. शुद्धीवर येतो तोवर मध्ये भिंत आहे. शेवटीही तो याला चेष्टा म्हणतो, बायको वाट पाहत असेल, चल निघू या म्हणतो. विनवणीत तो मॉन्ट्रेसरचं नाव घेतो, म्हणजे मारणारा कोण हे त्याला कळलं आहे. पण का मारतो आहे, हे कळलं की नाही, याचा पुरावा कथेत नाही.

आता ही अट कुणी हाणून पाडली ते पाहा. दारूने, जी मॉन्ट्रेसरनेच ओलीचं निमित्त करून पाजली. अंधाराने, ज्यात समोरच्याचा चेहरा दिसत नाही, दिसते ती एक आकृती. भिंतीने, जिने दोघांमध्ये आवाजापलीकडे काही उरू दिलं नाही. निसटून जाण्यासाठी त्याने जे जे वापरलं, त्यातल्या प्रत्येक गोष्टीने समोरासमोर होण्याची वाट बंद केली. म्हणून शेवटी तो हाका मारतो. उत्तर त्याला हवं आहे. भिंत देत नाही.

काही वाचक उलट म्हणतात : नाव घेऊन केलेली विनवणी आणि त्यानंतरचं मौन हीच फॉर्च्युनाटोची कबुली आहे, त्याला सगळं उमजलं आणि म्हणूनच तो गप्प झाला. हे वाचन कमजोर नाही. तुम्ही कुठल्या बाजूला आहात ते ठरवा, पण पुरावा दाखवून.

शेवटाकडचं एक वाक्य इथे निर्णायक ठरतं. घुंगरं वाजल्यावर मॉन्ट्रेसर म्हणतो, माझं मन विटलं, आणि लगेच कारण देतो : भुयारातल्या ओलीमुळे. (आवृत्त्यांनुसार या वाक्याचे शब्द थोडे बदलतात; तुमच्या प्रतीत काय आहे ते पाहून घ्या.) ओल हे निमित्त त्याने कथाभर कुणाला दिलं? फॉर्च्युनाटोला. खोटी काळजी दाखवताना, बाटली पुढे करताना, परत फिरू म्हणताना. आता फॉर्च्युनाटो ऐकायला उरलेला नाही आणि तेच निमित्त मॉन्ट्रेसर स्वतःला देतो आहे. ज्या जागेच्या जोरावर त्याने दुसऱ्याला फसवलं, तिच्याच आड तो स्वतःच्या मनापासून लपतो. यावर एक अख्खा परिच्छेद लिहिता येईल, आणि लिहावा.

सांगतो कुणाला, आणि कुठून?

पहिल्याच परिच्छेदात मॉन्ट्रेसर कुणाला तरी 'तू' म्हणतो, जो त्याच्या आत्म्याचा स्वभाव चांगला जाणतो. घटनेला पन्नास वर्षं झाली आहेत. ऐकणारा पाद्री असेल, हा मृत्युशय्येवरचा कबुलीजबाब असेल, असं अनेकांना वाटतं. कथा तसं स्पष्ट म्हणत नाही. पण लक्षात घ्या, भुयाराच्या कोनाड्याचं माप फुटांत देणारा निवेदक, आपण आत्ता कुठे बसून बोलतो आहोत याबद्दल अवाक्षर काढत नाही. या रिकाम्या जागेवर कागदावर प्रश्नचिन्ह ठेवा आणि पहिली अट पुन्हा वाचा. पन्नास वर्षांनीही ज्याला हे एकेका थरासकट सांगावंसं वाटतं, तो खरंच शिक्षेवाचून सुटला का?

या वाटांना जाऊ नका

पोच्या आयुष्यात उत्तर शोधण्याचा मोह होईल. १८४६ मध्ये थॉमस डन इंग्लिश या लेखकाशी त्याचं जाहीर भांडण चाललं होतं, बदनामीचा दावा त्याने वर्तमानपत्राविरुद्ध लावला आणि १८४७ च्या फेब्रुवारीत जिंकला. माहिती रोचक आहे, प्रस्तावनेत एक वाक्य म्हणून चालेल. पण फॉर्च्युनाटो म्हणजे इंग्लिश असं समीकरण मांडलं की कोनाडा, सोरा, घुंगरं सगळं बिनकामाचं होऊन जातं.

मॉन्ट्रेसर वेडा आहे, असं लिहून मोकळं होणंही टाळा. वेडा म्हटलं की प्रत्येक प्रश्नाचं एकच उत्तर मिळतं आणि वाचन तिथेच थांबतं.

लिहायला बसाल तेव्हा

'पोने भुयाराचं वर्णन करून भयानक वातावरण निर्माण केलं आहे' हे वाक्य कुठल्याही भयकथेला चालेल, म्हणून ते खोडा. त्याऐवजी असं काही : 'सातव्या थरापाशी मॉन्ट्रेसर थरथरतो तेव्हा त्याला धीर देते भुयाराची भिंत, आवाज बाहेर जाणार नाही याची खात्री पटते आणि मग तो स्वतःही ओरडू लागतो.' यात प्रसंग आहे, जागा आहे, आणि त्या जागेने सूडासाठी काय केलं तेही आहे. तुमच्या लेखातल्या प्रत्येक परिच्छेदात या तीन गोष्टी सापडतात का ते तपासा. एखादी नसेल तर दुसऱ्या कागदावरच्या चित्राकडे परत जा.

क्रम उतरणीचाच ठेवा, रस्त्यापासून कोनाड्यापर्यंत. 'सूड' आणि 'स्थळ' असे दोन कप्पे करू नका. सुरुवातीला दोन अटी मांडा, मध्ये वाट उतरा, शेवटी दुसऱ्या अटीवर तुमचा निकाल द्या.

हात बसला की दुसरी कथा घ्या

पोचीच 'हॉप-फ्रॉग' ही कथा, १८४९ ची, याच पद्धतीने वाचा. तिथे सूड घेणारा राजाचा विदूषक आहे आणि अपमान आपल्या डोळ्यांदेखत घडतो : राजा ट्रिपेटा या त्याच्या मैत्रिणीच्या तोंडावर मद्य फेकतो. जागा म्हणजे छताला एकच झरोका असलेलं गोल दालन, सोंगांचा समारंभ, दारांना कुलपं आणि किल्ल्या विदूषकाकडे. साखळी इथेही आहे, पण ती वर नेते. आणि राजा व त्याचे मंत्री जळत असताना हॉप-फ्रॉग भरल्या सभेत मोठ्याने सांगतो की मी कोण आणि हे कशासाठी. मग झरोक्यातून निसटतो.

त्या कथेचंही चित्र काढा, खालून वर जाणारं, आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून दुसऱ्या अटीखालचे रकाने ताडून पाहा : गर्दीने भरलेल्या उजेडाच्या दालनात ती कशी पुरी होते, आणि नदीच्या तळाखालच्या अंधारात कुठे अडते.